आबांची हाक, दोन डिस्कवर

आबा गेल्यानंतर आमच्या बीडच्या घरात त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो भर दुपारी. मी जेवून लवंडलो होतो. बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमधून "हिर्रर्र… ओऽऽऽ हाऽऽ" एवढं आलं आणि ताणलेली सुतळी तुटावी तसं तुटलं. स्वयंपाकघरात भांडं पडलं. बायको दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ तसंच.

"तुम्ही लावलं का ते?"

"मी झोपलोय."

"मग कुणी लावलं?"

मी शाळेत भूगोल शिकवतो. वारे का वाहतात, नद्या वळण का घेतात, याची कारणं माझ्या तोंडावर असतात. ह्याचं नव्हतं. उठून पाहिलं तर पडद्यावर गाणी वाजवणारी खिडकी उघडलेली, आणि तिच्यात लिहून आलेलं की ही फाइल सापडत नाही. आत्ता घरभर ऐकू आलेली फाइल सापडत नाही. मी खिडकी बंद केली, कॉम्प्युटर बंद केला, आणि बायको आत गेल्यावर भिंतीतलं बटणही बंद केलं.

आबा मेंढपाळ होते. आमचं गाव आष्टीकडचं, पण गावात ते पावसाळ्यापुरते. एरवी मेंढरं घेऊन माळामाळानं. ज्याला खत पाहिजे त्याच्या शेतात मेंढरं बसवायची, संध्याकाळी भोवतीनं वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, ताणायची, सकाळी ती गुंडाळून पुढं निघायचं. माझा थोरला भाऊ, दादा, लहानपणापासून त्यांच्याबरोबर. मी हुशार म्हणून शाळेत गेलो अशी घरात समजूत आहे. खरं कारण वेगळं आहे. माझ्या ताब्यात दिलेली मेंढरं दर वेळी दुसऱ्याच्या तुरीत सापडायची. शेवटी आबा आईला म्हणाले, "ह्याला शाळंतच असू दे. तिथं पोरं भिंतीच्या आत असत्यात."

आबांना काठी उगारावी लागत नसे. त्यांची हाक होती. प्रत्येक मेंढपाळाची आपापली असते. पाण्यावर दोन कळप एकात एक मिसळले की बघणाऱ्याला वाटतं, आता ही कशी निवडणार. मेंढपाळ निवडत बसत नाहीत. ते दोन बाजूंना उभे राहतात, हाक देतात, आणि मेंढरं भांग पाडल्यासारखी दोन्हीकडं होतात. आमच्या कळपाची म्होरकी मेंढी, म्हणजे जिच्या मागं बाकीची चालतात ती, डाव्या डोळ्याभोवती काळं वर्तुळ असलेली होती. आबांची हाक आली की ती तोंडातला पाला चावायचीसुद्धा थांबून वळायची.

ही हाक माझ्याकडं आली ती माझ्या अकलेनं नव्हे. मेंढरांचा तळ कपिलधारच्या बाजूला पडला होता आणि मी सुट्टीच्या दिवशी भेटायला गेलो होतो. नवा फोन घेतला होता. फोटो काढायला म्हणून काहीतरी दाबलं, फोटो निघाला नाही, म्हणून फोन खिशात टाकला. घरी आल्यावर कळलं की मी आवाज टिपायचं बटण दाबलं होतं. त्यात माझ्या सदऱ्याची खसखस होती, कुत्र्याचं भुंकणं होतं, मग आबांची हाक, जवळ येणारी, लांब जाणारी, पुन्हा जवळ येणारी, आणि शेवटी माझा आवाज, "आबा, चहा गार झाला." पुसून टाकणार होतो. आळसानं राहिलं.

आबा थंडीत गेले, गावात, झोपेत. दिवस झाले आणि दादा मेंढरांकडं परतला. थोड्याच दिवसांत त्याचा चेहरा उतरला. मी माळावर भेटायला गेलो तेव्हा त्यानं मला काही न सांगता दाखवलंच. त्यानं हाक दिली. मेंढरांनी माना वर केल्या, त्याच्याकडं पाहिलं, आणि मग त्याच्या पाठीमागं पाहिलं. आबा तिथं उभे असायचे ना. जन्मभर दादानं मेंढरांच्या मागनं चालायचं आणि आबांनी हाक द्यायची, अशी वाटणी होती. दादाला हाक द्यायची वेळ कधी आलीच नव्हती.

"असं बघत्यात बघ," तो म्हणाला. "मी मधी आलोय असं."

त्याला बरं वाटावं म्हणून मी फोन काढला आणि ती हाक लावली. मला वाटलं, दोघं भाऊ बसून ऐकू, थोडं रडू, मग चहा घेऊ. हाक सुरू झाली आणि माळावर बसलेला सगळा कळप उठला. एकदम, आवाज न करता. म्होरकी माझ्याकडं चालत आली, मागनं बाकीची, आणि सगळी माझ्याभोवती उभी राहिली. ऊन मी म्हणत होतं आणि माझ्या पाठीवर काटा आला होता. दादा माझ्याकडं बघत नव्हता, माझ्या हाताकडं बघत होता.

"ते मला दे," तो म्हणाला.

रेंज नव्हती, म्हणून ब्लूटूथनं दिली. त्यानं पुढच्या बाजाराला एक लहानसा स्पीकर घेतला आणि कमरेला अडकवला. तेव्हापासून आमची मेंढरं गेलेला माणूस हाकत होता. दुसऱ्या कळपांची माणसं लांबून ऐकायची. एकानं विचारलंही, "तुमचा म्हातारा गेला म्हंत्यात, आन् हाक तर चालू हाय?"

"गेला," दादा म्हणाला. "आवाज हितं इसरून गेला."

मला मात्र त्यानं बजावलं होतं. "मास्तर, तू जपून ठिव. माझा फोन काय, आज हाय, उद्या न्हाई." मला तो मास्तर म्हणतो, त्यात मान किती आणि चेष्टा किती हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. पण घरात कॉम्प्युटर माझ्याकडंच, त्यामुळं आबांच्या आवाजाचा राखणदार मी झालो. मेंढरं राखता न येणाऱ्याला हे काम दिलं, इथंच खरं तर सगळं चुकलं.

मी फोन बदलला, जुना मोडीत दिला, हाक कॉम्प्युटरमध्ये घेतली. मग वाटलं, कॉम्प्युटर जुना आहे, कधी बसेल सांगता येत नाही. म्हणून वायरीनं बाहेरून जोडायची डिस्क आणली. डिस्कबरोबर एक सॉफ्टवेअर फुकट आलं. त्याचं काम असं की कॉम्प्युटरमधल्या एका कप्प्यात जे असेल त्याची नक्कल रोज डिस्कवर ठेवायची. त्या कप्प्याला मी 'घरचं' असं नाव दिलं. शिवाय आबांची फाइल कॉम्प्युटरमधून उचलून डिस्कवरच्या 'घरचं'मध्ये नेऊन ठेवली. नक्कल नव्हे, तीच उचलली. लहान कोकरू उघड्यावर ठेवायचं नाही, आतल्या बाजूला घ्यायचं, अशी आमची सवय. डिस्क म्हणजे आतली बाजू, असं मी धरून चाललो.

आणि मग कुत्री. मेंढरांवर एक कुत्रं कुणी ठेवत नाही. आबांची कायम दोन असायची, एक पुढं, एक मागं. त्या हिशेबानं मी दुसरं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. एकाचं लक्ष चुकलं तर दुसरं आहे. हे दुसरं आख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उठवायचं. त्यासाठी दुसरी डिस्क घाटनांदूरहून आणली. तिथं बायकोचं माहेर आहे आणि तिच्या चुलतभावाच्या ओळखीतल्या एका फोटोवाल्याला जुनी डिस्क काढायची होती. तिच्यात कुणाचं तरी लग्न होतं. नवरीला हळद लागत होती, नवरी रडत होती. मी थोडं पाहिलं, मग ते पुसून तिथं आबांना बसवलं. बायको म्हणाली, "कुणाचं तरी लग्न मोडलं तुम्ही."

दोन्ही डिस्क जोडल्या, दोन्ही सॉफ्टवेअर चालू केली आणि निर्धास्त झालो. आबांची दोन कुत्री एका घरात वाढलेली, एका ताटातलं खाल्लेली असायची, आणि परकं मोठं कुत्रं ते कधी कळपात घ्यायचे नाहीत, ही गोष्ट मला मागाहून आठवली.

त्यानंतर घरात आबा यायला लागले.

एकदा सकाळी पेपर वाचताना. एकदा शेजारीण विरजण मागायला आली तेव्हा. दर वेळी तीच "हिर्रर्र… ओऽऽऽ", कधी पुरी, कधी अर्धी, आणि मग तुटलेली. आई आबांच्या माघारी आमच्याकडंच राहत होती. ती त्या वेळी मधल्या खोलीत तांदूळ निवडत असे. मी धावत जाऊन कॉम्प्युटर बंद करायचो आणि तिच्याकडं पाहायचं टाळायचो. मात्र एकदा मी आधी तिच्या दारावरून गेलो म्हणून दिसलं: हाक आली तशी तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं, आणि पदर डोक्यावर घेतला. बीडला आल्यापासून ती डोक्यावर पदर घेत नसे. इथं कोण मोठं आहे, म्हणायची.

हाक थांबल्यावर तिनं पदर काढला नाही. बराच वेळ तशीच बसली, दाराकडं बघत.

बायको मला म्हणाली, "मामंजींना काही सांगायचं आहे का बघा."

"मेंढरं वळवतात ते. आपल्याला काय सांगतील?"

"मग आपल्यालाच वळवत असतील."

मी हसलो. पण त्या आठवड्यात मी बाहेरच्या खोलीत एकटा बसलो नाही, हेही खरं आहे. डिस्कवर एक बारका निळा दिवा होता. तो विझायचा, मग डिस्कच्या पोटात टक्क व्हायचं, आणि दिवा पुन्हा लागायचा. आत कुणीतरी कूस बदलतंय असं वाटायचं.

दुकानदाराला फोन केला, ज्यानं पहिली डिस्क विकली होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आवाज येतो म्हटल्यावर तो म्हणाला, "सर, फॉरमॅट मारून टाका." त्याच्याकडं दात दुखतो म्हणून गेलं तरी तो हेच सांगेल.

आणि नेमका त्याच आठवड्यात दादाचा फोन आला, कुणाच्या तरी फोनवरून. मेंढरं पाण्यावर नेली तेव्हा तो विहिरीवर वाकला, आणि त्याचा फोन आणि कमरेचा स्पीकर दोन्ही विहिरीत गेले.

"मी ऐकलं बुडताना," दादा म्हणाला. "चालूच होता. खाली जाता जाता वरडत होता."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मास्तर, हितला पाला सरला. पल्याडच्या बाजूला एका शेतकऱ्यानं मेंढरं बसवायला बोलवलंय. पर मधी त्यो मोठा रस्ता हाय. गाड्या थांबत न्हाईत. आबाच्या हाकंवर ही एका धारंनं पार होत्यात. माझ्या हाकंवर निम्मी जातेल आन् निम्मी मधीच हुबी राहतेल. तसं झालं तर काय ऱ्हाईल त्यातलं, सांग."

"आणतो मी हाक. आहे माझ्याकडं."

"हाय ना नक्की?"

"दोन ठिकाणी आहे," मी म्हणालो. इतक्या ठामपणे मी आयुष्यात फार कमी वाक्यं बोललोय.

फोन ठेवून कॉम्प्युटरशी बसलो. पडद्यावर पहिल्या सॉफ्टवेअरनं एक चौकोन आणून ठेवला होता: डिस्कवरचं आणि कॉम्प्युटरमधलं जुळत नाही, दुरुस्त करायचं का? खाली 'हो' आणि 'नाही'. आम्हा शिक्षकांकडं रोज इतकी परिपत्रकं येतात की खाली सही करायला आम्हाला वर वाचावं लागत नाही. मी 'हो' दाबलं. डिस्क घरघरली, दिवा भराभर लुकलुकला, आणि एक नम्र ओळ आली की आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या आहेत.

मग मी डिस्कवरचं 'घरचं' उघडलं. त्यात मुलांचे दाखले होते, वीजबिलं होती, शाळेच्या सहलीचे फोटो होते. आबा नव्हते.

समजायला वेळ लागला. त्या सॉफ्टवेअरच्या लेखी खरं ते कॉम्प्युटरमधलं. डिस्कवर त्याहून जास्त काही दिसलं की ते परकं. आबांना मी कॉम्प्युटरमधून उचलून डिस्कवर नेलं होतं. तेव्हा कॉम्प्युटरमध्ये आबा नव्हते, म्हणून डिस्कवरचे आबा परके, म्हणून दुरुस्तीत ते गेले. राखणीला बसवलेल्या कुत्र्यानं आपलंच कोकरू खाल्लं होतं, आणि मी त्याला छू म्हटलं होतं.

राहिली घाटनांदूरची डिस्क. ती यादीत दिसतच नव्हती. वायर काढली, घातली, नाही. वायर बदलली; नाही. मी मनाशी म्हणालो, आता हिच्यातलंही पुसून गेलं असेल. दादाला काय सांगायचं याची वाक्यं जुळवायला लागलो. आबा विहिरीत बुडाले तेव्हा निदान त्यानं ऐकले होते. माझ्या हातून गेले तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

आई दारात येऊन उभी होती. ती कधी आली कळलं नाही.

"आज न्हाई आले ते," ती म्हणाली.

"कोण?"

ती माझ्याकडं बघत राहिली.

"शोधतोय," मी म्हणालो.

ती आत गेली नाही. भिंतीला टेकून खाली बसली. आता मला उठायची सोय नव्हती, म्हणून पहिल्यांदाच नीट वाचायला लागलो. आधी दोन्ही सॉफ्टवेअर बंद केली, कॉम्प्युटर लागताना ती आपोआप उठतात तेही बंद केलं. सगळं पुन्हा सुरू केलं. डिस्कची टकटक थांबली. इतके दिवस दोघं एकाच वेळी एकाच डिस्कला धरायची; एक धरी तेव्हा दुसरं ओढी, त्या ओढाताणीत डिस्क सुटायची आणि पुन्हा जोडली जायची. आणि डिस्क जोडली की आतली गाणी वाजवू का, असं कॉम्प्युटरनं पूर्वी कधीतरी विचारलं असणार, आणि मी सवयीनं 'नेहमी' वर खूण केली असणार. आमच्या घरी आबा येत होते ते असे. हे कळल्यावर मला हायसं वाटायला पाहिजे होतं. तसं काही वाटलं नाही. उलट ते कारण कळू नये असं वाटलं.

मग कॉम्प्युटरच्या पोटातली ती यादी उघडली, जिच्यात जोडलेल्या सगळ्या डिस्क दिसतात, चालू असोत वा बंद. तिथं घाटनांदूरची डिस्क होती. जिवंत होती, पण बाजूला बसवलेली. तिच्यावर बोट ठेवल्यावर कारण दिसलं: याच ओळखीची दुसरी डिस्क आधीच चालू आहे.

ते वाक्य मी मोठ्यानं वाचलं, आईसाठी मराठीत करून.

"म्हंजी?" आई म्हणाली.

"म्हणजे एक पहिली, आणि ही तिची हुबेहूब नक्कल. नावासकट. कॉम्प्युटर म्हणतो, हा माणूस आधीच घरात आहे. दुसऱ्याला मी आत घेणार नाही."

आई थोडा विचार करून म्हणाली, "बरोबर हाय त्याचं."

मी नक्कल करताना डिस्कच्या ओळखीचीही नक्कल केली होती. कॉम्प्युटर कधी हिला आत घेई, कधी तिला, आणि दुसरीला बाहेर ठेवी. मी 'हो' दाबलं तेव्हा ही बाहेर होती. दारात थांबवली होती, म्हणून त्या सॉफ्टवेअरचा हात तिच्यापर्यंत पोचला नव्हता. ज्या बिघाडाला मी मघापासून शिव्या घालत होतो त्यानंच ती राखली होती. पण आत खरंच काही आहे का हे अजून दिसत नव्हतं. तिला चालू करायचं तर कॉम्प्युटर तिला नवी ओळख देणार, एवढंच तिथं लिहिलेलं. मी पहिली डिस्क काढून लांब कपाटावर ठेवली. मग बटणावर बोट ठेवलं आणि ते दाबायला माझ्यानं होईना.

"दाब की," आई म्हणाली.

दाबलं. टक्क झालं. निळा दिवा लागला. थोडा वेळ काहीच नाही. मग सदऱ्याची खसखस, कुत्र्याचं भुंकणं, आणि त्यातून वर येत आबांची हाक. या वेळी तुटली नाही. लांब गेली, परत आली, पुन्हा लांब गेली. स्वयंपाकघरातून बायको आली आणि दारातच थांबली. आईनं पदर डोक्यावर घेतला होता आणि ती जमिनीकडं बघत होती, नवरा घरात आल्यावर बघायची तशी. शेवटी माझा आवाज आला, चहा गार झाला म्हणणारा, कितीतरी तरुण. त्या फाइलीत गेलेली माणसं दोन होती.

हाक फोनमध्ये घेतली, सगळीकडं प्रती केल्या, वेगवेगळ्या नावांनी. यात दोन-तीन दिवस गेलेच होते. मोटारसायकल काढली आणि दादाकडं निघालो.

दादा रस्त्याच्या अलीकडच्या माळावर होता. मेंढरं खडकाळ जमिनीवर पसरलेली, पोटं आत गेलेली. चरायला काही उरलं नव्हतं. दादाचा आवाज बसला होता, घोगरा येत होता.

"एवढा उशीर कावून रं, मास्तर?"

"कुत्री एकमेकांना भिडली होती," मी म्हणालो, आणि त्याला थोडक्यात सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचं ध्यान मेंढरांवर होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कळप पहिल्यासारखा एकवट बसलेला नाही. कोकरं आणि तरणी मेंढरं त्याच्या पायाशी होती. म्होरकी आणि जुनी सगळी पलीकडं, वेगळी.

"हे काय?"

"तू येईना. मग काय करतू, मी वरडत बसलो दिसभर. म्हातारी काय ऐकंनात. पर ही बारकी याया लागली." त्यानं एका कोकराच्या डोक्यावर हात ठेवला. "ही तर आबाच्या मागं जन्माला आली. ह्यांनी त्याला बघितलंच न्हाई."

"आबांचा आवाज तर ऐकलाय यांनी."

"ऐकलाय. पर आवाजाला हात कुठं असत्यात?" दादा म्हणाला. मग रस्त्याकडं बघून, "लाव. बघू."

मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो आणि फोनचा आवाज मोठा केला. "हिर्रर्र… ओऽऽऽ हाऽऽ." म्होरकीनं मान वर केली. सगळी जुनी मेंढरं उठली आणि माझ्याकडं यायला लागली, त्याच जुन्या संथ धारेनं. तरणी मेंढरंही उठली. ती थोडी पुढं आली, मग थांबून दादाकडं वळून पाहायला लागली. दादानं त्यांना गोळा करायला हाक दिली. तेवढ्यात म्होरकीही थांबली. कळप मधोमध उभा राहिला. निम्मी तोंडं माझ्याकडं, निम्मी त्याच्याकडं. फोनमधून आबा हाक देत होते, तिकडून दादा देत होता. आणि आता मला ऐकू आलं की दादाची हाक आबांच्या हाकेसारखीच होती, फक्त घोगरी. दोन्ही हाका एकमेकींवर पडत होत्या. मेंढरांच्या अंगावरची कातडी थरथरत होती. एक कोकरू गोंधळून रस्त्याकडं धावलं आणि ट्रक हॉर्न वाजवत त्याच्या अंगावरून गेल्यासारखा गेला. कोकरू वाचलं. कसं, मी पाहिलं नाही, मी डोळे मिटले होते.

"बंद कर," दादा म्हणाला.

"दादा, पण म्होरकी…"

"बंद कर रं. दोघं न्हाईत चालत."

ती फाइल मिळवायला मी काय काय केलं होतं. अंगठा पडद्यावर ठेवला. आबा हाक देतच होते, हाक लांब जाऊन परत येण्याच्या बेतात होती. मी ती परत येऊ दिली नाही.

माळ एकदम रिकामा झाल्यासारखा वाटला, मेंढरं तिथंच असून. दादानं कोकरं गोळा केली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि स्वतः पुढं होऊन हाक दिली. तरणी मेंढरं निघाली. त्यांच्या मागं, पिलांच्या मागं म्हणून, माद्या निघाल्या. मी कधी नव्हे तो मागनं चाललो, हात पसरून, मास्तरासारखा, आणि गाड्यांना हात करून थांबवत राहिलो. एक ड्रायव्हर खिडकीतून मला काहीतरी बोलला. ते इथं लिहिण्यासारखं नाही. सगळी पार झाली.

म्होरकी झाली नाही. ती अलीकडंच, मी जिथं उभा राहून फोन लावला होता तिथं उभी होती. मी परत आलो. तिनं माझ्या हाताचा वास घेतला, मग खिशाचा, आणि खिशावर नाक दाबून उभी राहिली. तिचा ऊन ऊन श्वास सदऱ्यातून लागत होता. खिशात आबा होते. एक बटण दाबलं असतं तर ती माझ्या मागं जगाच्या टोकापर्यंत आली असती.

दादा कळप शेतकऱ्याच्या हवाली करून रस्ता ओलांडून आला. त्यानं तिला हाक दिली नाही. ओढलंही नाही.

"लई दिस चालली ती त्याच्या मागं," तो म्हणाला. "तिला वाटंल तवा येईल."

तो खाली बसला. मीही त्याच्या शेजारी बसलो, फोन खिशातच ठेवून. पलीकडं कोकरं ओरडत होती. म्होरकी कधी माझ्याकडं बघायची, कधी आमच्या दोघांच्या मागं, जिथं मोकळा माळ होता. मी वळून पाहिलं नाही. दादानंही पाहिलं नाही. ऊन कलेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो. मग कधीतरी ती आपणहून वळली, आणि एकटीच, सावकाश, रस्त्याकडं चालायला लागली. आम्ही दोघं उठलो आणि तिच्या दोन बाजूंनी चालत गेलो.